दोन गुणांची दुरुस्ती आणि दोन सेकंदांचे परीक्षण

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्रश्नोत्तरांच्या सामुदायिक संकेतस्थळांवर नव्याने येणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : उत्तर देण्याइतके येत नसेल तर दुसऱ्यांच्या लिखाणात दुरुस्त्या सुचवा, गुण मिळतील. तंत्रज्ञानाच्या सदरांतून, क्लासांतून, व्हिडिओंतून हा सल्ला फिरत असतो. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. सुचवलेली दुरुस्ती पुढे कोणाच्या हाती जाते, ती कशावर तोलली जाते आणि तोलणाऱ्याचा काटाच कसा हलतो, याबद्दल कोणी बोलत नाही. फालतू दुरुस्त्या सुचवणाऱ्यांना सगळेच बोल लावतात. आमचे म्हणणे असे की, खरी ढिलाई परीक्षकांकडे आहे. ‘यात वाईट तर काही दिसत नाही’ एवढ्या आधारावर बहुतेक मंजुऱ्या दिल्या जातात, आणि तो आधारच मुळात कच्चा आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात. या प्रकारातले सर्वांत परिचित जाळे स्टॅक एक्स्चेंजचे. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोपासून ते वाढले. २०११ पासून तिथे कोणीही, अगदी खाते न उघडलेला वाचकसुद्धा, दुसऱ्याच्या मजकुरात दुरुस्ती सुचवू शकतो. ज्याच्या खात्यावर २००० गुण आहेत त्याचा बदल थेट लागू होतो, त्याखालच्यांचा रांगेत जातो. रांग तपासणारे पगारी नसतात, पुरेसे गुण जमवलेले सभासदच असतात. साधारणपणे एका बाजूला दोन मते पडली की निकाल लागतो. एक मंजुरीचे आणि एक नामंजुरीचे झाले तर तिसरा ठरवतो. मूळ लेखकाचे किंवा मॉडरेटरचे (साइटची शिस्त सांभाळणाऱ्या सभासदाचे) मात्र एकच मत पुरते. मंजूर दुरुस्तीमागे सुचवणाऱ्याला २ गुण मिळतात आणि या वाटेने एकूण १००० पर्यंतच गुण कमावता येतात. परीक्षकाला गुण नाहीत, बिल्ले आहेत : एका रांगेत २५० परीक्षणे झाली की एक, १००० झाली की त्यावरचा.

हा हिशेब नीट पाहिला की घोळ कुठे आहे ते कळते. सुचवणाऱ्याला संख्येवर गुण, परीक्षकाला संख्येवर बिल्ला. म्हणजे घाई दोघांच्याही सोयीची. त्यात मंजूर करायला एक क्लिक पुरते, नामंजूर करायचे तर कारण निवडावे लागते, प्रसंगी स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते. मग बोट कुठे वळणार? विचार न करता पटापट निकाल देणाऱ्यांना तिथे ‘रोबो-रिव्ह्यूअर’ म्हणतात. नाव विनोदी आहे, काम तितके विनोदी नाही. कारण मंजूर झालेला बदल मूळ लेखकाच्या नावाखाली जातो. सुचवणाऱ्याचे नाव बाजूला ‘संपादित’ म्हणून छोट्या अक्षरांत दिसते, मंजूर करणाऱ्यांची नावे तर आवृत्त्यांच्या इतिहासात खोल शिरल्याशिवाय सापडतही नाहीत. वाचक चूक पाहतो आणि लेखकाला बोल लावतो.

परीक्षकाने स्वतःला दोन गोष्टी विचारायला हव्यात. या बदलानंतर पुढच्या वाचकाचे काम सोपे होते का? आणि लेखक अजूनही तेच म्हणतो आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच मंजुरी. पहिल्याचे ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे असेल तर ती दुरुस्ती नव्हे, ते नवे उत्तर आहे आणि त्याची जागा वेगळी. पहिल्याचेच ‘नाही’ असेल तर निरुपद्रवी असूनही ती नामंजूरच व्हायला हवी. इथेच बहुतेक परीक्षक अडखळतात. निरुपद्रवी बदलालाही किंमत असते. दोन-तीन माणसांचा वेळ जातो, आणि बदल लागू होताच ती पोस्ट ‘अलीकडे हललेल्या’ यादीत वर येते. लहान साइटवर कोणी एका बैठकीत वीस जुन्या पोस्टींमधले स्वल्पविराम हलवले, तर त्या दिवशी आलेले नवे प्रश्न पहिल्या पानावरून खाली जातात. शिवाय एका पोस्टवर एका वेळी एकच सूचना प्रलंबित राहते, त्यामुळे फालतू सूचना चांगल्या सूचनेची वाटही अडवते.

मराठी वाचकाला हे मुद्रितशोधनाच्या उदाहरणाने चटकन पटेल. हस्तलिखितात ‘दशरथसुत’ आहे. शोधकाला वाटते ‘सुत’ चुकले, तो ‘सूत’ करतो. शब्दकोशात दोन्ही शब्द आहेत, दोन्ही शुद्ध आहेत. फक्त मुलाचा धागा झाला. ‘दिन’चे ‘दीन’ केले की दिवसाचा गरीब होतो. अक्षर तेवढे पाहिले तर अशी चूक सापडत नाही, वाक्य वाचले तरच सापडते. प्रोग्रामिंगच्या मजकुरात हाच धोका दसपट असतो, कारण तिथे अर्थ एकेका चिन्हावर उभा असतो.

म्हणून परीक्षणाची सुरुवात रांगेच्या खिडकीत करूच नये. रांगेत जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी दिसतो. काढलेले लाल, घातलेले हिरवे. डोळा रंगाकडे जातो आणि न बदललेला मजकूर वाचायचाच राहतो. आधी मूळ पोस्ट वेगळ्या टॅबमध्ये उघडावी. प्रश्न असेल तर त्याखालची उत्तरे आणि टिप्पण्या वाचाव्यात. उत्तर असेल तर वरचा प्रश्न वाचावा. मग तुलनेकडे यावे आणि ती दोन्ही रूपांत पाहावी : वाचकाला दिसते ते रूप आणि त्यामागचा मार्कडाउन मजकूर, म्हणजे मांडणीच्या खुणांसह लिहिलेला कच्चा मजकूर. मार्कडाउन न बघता दिलेली मंजुरी म्हणजे पाकिटावरचा पत्ता बघून आतल्या पत्रावर सही करणे. दुव्याचे शब्द तेच ठेवून मागचा पत्ता बदलला असेल, कोडच्या ओळींपुढची मोकळी जागा कमी-जास्त झाली असेल, तर वाचकाच्या रूपात ते सहज नजरेत भरत नाही.

प्रश्नातल्या कोडला हात लावणाऱ्या सूचना सर्वांत घातक, आणि त्याच सर्वांत जास्त ‘उपयुक्त’ दिसतात. प्रश्नकर्ता म्हणतो, माझा प्रोग्राम चालत नाही, हा पाहा. सुचवणाऱ्याला त्यात सुटलेला कंस दिसतो, तो भरतो. परीक्षकाला वाटते, वा, चूक सुधारली. अहो, ती चूक हाच तर प्रश्न होता! कदाचित तीच त्रुटी दाखवणारे उत्तर खाली आलेले असते, आणि आता ते उत्तर अस्तित्वात नसलेल्या गोष्टीबद्दल बोलताना खुळे दिसते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ओळीपुढची मोकळी जागा ही सजावट नसते, तीच रचना असते. तिथे ‘इंडेंटेशन नीट केले’, म्हणजे ती मोकळी जागा सारखी केली, अशी टीप असलेली सूचना आली की हात आखडावा. प्रश्नकर्त्याच्या फाइलमध्येच ती वाकडी असेल तर सुचवणाऱ्याने दोषच पुसून टाकला. पोस्ट करताना मजकूर विस्कटला, की मुळातच तसा होता, हे फक्त प्रश्नकर्ता सांगू शकतो, म्हणून ते टिप्पणीत विचारावे. कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हे दिसली तरी तेच. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेला कोड नेमका त्यामुळेच अडतो, आणि ती ‘सुधारली’ की रोगाचा पुरावा नाहीसा होतो.

एवढे मात्र खरे की, सगळा कोड एका सलग परिच्छेदात कोंबला गेला असेल आणि सुचवणाऱ्याने एकही अक्षर न बदलता त्याला कोडचा साचा दिला असेल, तर ती उत्तम दुरुस्ती. फरक अक्षर बदलले की नाही यात आहे. स्क्रीनशॉटमधला त्रुटीसंदेश मजकूर म्हणून उतरवणेही असेच मोलाचे काम, कारण चित्रातला मजकूर शोधयंत्रांना नीट सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या उपयोगाचा नसतो. पण उतरवलेली प्रत्येक ओळ चित्राशी ताडून पाहावी. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांची गल्लत तिथेच होते.

उत्तरांतल्या कोडचे शास्त्र थोडे वेगळे. तिथे उघड टंकदोष सुधारायला हरकत नाही. वर घोषित केलेले नाव खाली एका अक्षराने चुकले असेल तर लेखकाला काय म्हणायचे होते याबद्दल शंका राहत नाही. पण तर्क बदलणारी, पद्धत बदलणारी, ‘यापेक्षा हे जलद चालते’ म्हणणारी सूचना नामंजूर करावी, बदल बरोबर असला तरी. लेखकाच्या तोंडी त्याने न घेतलेली भूमिका घालण्याचा अधिकार कोणाला नाही. सुचवणाऱ्याला स्वतःचे उत्तर लिहिण्याची वाट मोकळी आहे. एक नेहमीचा नमुना सांगतो. पायथन २ मध्ये प्रिंट या शब्दापुढे कंस लागत नसे, पायथन ३ मध्ये लागतो. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणून कोणी जुन्या पोस्टींमध्ये सरसकट कंस घालत सुटतो. प्रश्नावर पायथन २.७ चा टॅग (विषय सांगणारी चिठ्ठी) असेल, तर त्या प्रश्नापुरता जुना प्रकारच खरा आणि ही सूचना त्या पोस्टची हानी आहे. नव्या आवृत्तीसाठी उत्तराखाली वेगळा भाग जोडलेला असेल, जुना जागेवर असेल आणि लेखकाचा रोख बदलत नसेल, तर विचार करता येतो.

आकड्यांबाबत तर परीक्षकाने संशयी असणेच बरे. युनिक्स या संगणकप्रणालीत फाइलच्या परवानगीचा आकडा ६४४ चा ७७७ केला तर बदल फक्त तीन अंकांचा, पण फाइल त्या यंत्रावरच्या सगळ्यांना लिहायला आणि चालवायला खुली होते. रसायन, औषध, बागकाम यांवरच्या साइटींवर ०.५ चे ५ होणे किंवा मिलिग्रॅमचे ग्रॅम होणे हा त्याचाच भाऊ. आकडा बदलणाऱ्या सूचनेसोबत कारण आणि पडताळता येईल असा आधार नसेल, आणि तुम्हाला तो विषय येत नसेल, तर मंजूरही नको आणि नामंजूरही नको. त्यासाठी ‘स्किप’, म्हणजे मत न देता पुढे जाण्याचे बटण, आहे. स्किप दाबणे म्हणजे हार मानणे नव्हे. येत नसलेल्या विषयावर मत न देणे हे परीक्षकाचे सर्वांत कमी वापरले जाणारे कौशल्य आहे.

आता क्षुल्लक दुरुस्त्यांकडे. २००० पेक्षा कमी गुणांच्या सभासदाने मजकुरात किमान ६ वर्णांचा बदल केला पाहिजे, असा नियम आहे. हेतू असा की, एकेका अक्षरासाठी रांग भरू नये, आणि पोस्ट उघडलीच आहे तर तिच्यातल्या सगळ्या चुका एकदम सुधाराव्यात. परिणाम काही वेळा उलटाच होतो. एक अर्धविराम सुटलेला असतो, तो घालायचा तर पाच वर्ण कमी पडतात, म्हणून कुठेतरी एखादे विशेषण घुसवले जाते, वाचकाला न दिसणारा मजकूर जोडला जातो, चांगले वाक्य उगाच फिरवले जाते. परीक्षकाने अशी भर ओळखावी. खरी दुरुस्ती गरजेची असेल तर ती ठेवून भर काढून टाकावी. दुसऱ्या टोकाला, शीर्षकातला टंकदोष सुधारला आणि खालच्या मजकुरातले सात तसेच ठेवले, अशीही सूचना येते. तिथे आमचे मत कडक आहे : उरलेले तुम्ही स्वतः सुधारणार असाल तर पुढे जा, नाहीतर नामंजूर करा. कारण पुढचा कोणीतरी दुसरा टंकदोष सुधारून पुन्हा २ गुण मागायला येणार.

काही सवयी तर साथीसारख्या पसरतात. प्रत्येक उत्पादनाच्या, भाषेच्या, कंपनीच्या नावाला कोडचा राखाडी साचा चढवणे ही त्यातली पहिली. तो साचा कोडसाठी आहे, नामवाचक शब्द उठून दिसावेत म्हणून नाही. शब्द ठळक करत सुटणे ही दुसरी. ब्रिटिश स्पेलिंगचे अमेरिकन करणे किंवा उलट, ही तिसरी. दोन्ही शुद्ध आहेत, लेखकाने निवडले ते राहू द्यावे. ‘आगाऊ धन्यवाद’ एवढेच काढून टाकणे ही चौथी. आभाराच्या ओळी त्या साइटींवर अनावश्यक मानल्या जातात हे खरे, पण तेवढ्यासाठी पोस्ट हलवू नये. बाकीच्या सुधारणांबरोबर जाता-जाता काढावी.

टॅगबद्दल थोडक्यात. एका प्रश्नाला जास्तीत जास्त ५ टॅग लागतात, आणि उत्तर देणारे त्यांवरूनच प्रश्न शोधतात. ‘जावा’ आणि ‘जावास्क्रिप्ट’ यांचा नावापलीकडे फारसा संबंध नाही. एकाच्या जागी दुसऱ्याचा टॅग पडला असेल, तर ती दुरुस्ती एका क्षणाची आणि लाखमोलाची. उलट, प्रश्नात कुठेतरी उल्लेख आला म्हणून जोडलेला टॅग म्हणजे चुकीच्या दारावर टकटक. टॅगच्या माहितीपानांवरच्या सूचनांचे दुखणे वेगळेच असते, त्या बहुधा कुठूनतरी जशाच्या तशा उचललेल्या असतात. त्यातले एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे, मूळ पान अर्ध्या मिनिटात सापडते. भाषा अचानक जाहिरातीसारखी गुळगुळीत झाली की समजावे.

दुवे हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या उत्तरांतले दुवे मरतात, आणि मेलेल्या दुव्याच्या जागी इंटरनेट अर्काइव्हमधली जतन केलेली प्रत किंवा त्याच मजकुराचा नवा पत्ता देणे ही उत्तम दुरुस्ती. पण याच रस्त्याने जाहिरातही शिरते. दुवा मेलेला आहे हे खरे, बदलून दिलेला दुवा मात्र भलत्याच दुकानाचा. म्हणून जुना दुवा उघडून खरेच मेला आहे का ते पाहावे, नवा उघडून तिथे तोच मजकूर आहे का ते पाहावे, आणि सुचवणाऱ्याच्या आधीच्या दुरुस्त्यांवर नजर टाकावी. दहा वेगवेगळ्या पोस्टींत एकाच ठिकाणचा दुवा घालणारा निव्वळ सेवाभावी नसतो. अशा वेळी नामंजुरीचे कारण ‘स्पॅम किंवा विध्वंस’ हेच निवडावे, आणि मॉडरेटरच्या नजरेस आणून द्यावे.

आणखी एक नवी पंचाईत. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या मजकुरावर बंदी घातली. पण नवे उत्तर लिहिणे वेगळे आणि दुसऱ्याचे उत्तर यंत्रातून ‘घासूनपुसून’ आणणे वेगळे दिसते, म्हणून अशा सूचना रांगेतून सुटतात. मूळ पोस्ट तुटक इंग्रजीतली, सुचवलेली सफाईदार, एकही चूक नाही, परीक्षक प्रसन्न. पण ओळीला ओळ लावून वाचले तर ‘कधीकधी अडते’चे ‘अडते’ झालेले असते, आवृत्तीचा आकडा गळालेला असतो, लेखकाने ‘मला वाटते’ म्हटले होते तिथे ठाम विधान आलेले असते. संपूर्ण मजकूर लाल आणि संपूर्ण मजकूर हिरवा, असे दिसले की ती दुरुस्ती राहिली नाही, पुनर्लेखन झाले. पुनर्लेखन तपासायचे तर प्रत्येक विधान मुळाशी ताडून पाहावे. तेवढा वेळ नसेल तर पुढच्याकडे जाऊ द्यावे.

आता बटणांबद्दल, कारण तिथला गोंधळ जुने परीक्षकही करतात. ‘मंजूर’, ‘नामंजूर’ आणि ‘स्किप’ यांशिवाय आणखी दोन वाटा आहेत : ‘सुधारून मंजूर’ आणि ‘नामंजूर करून स्वतः संपादन’. या दोन्हींत दुसऱ्या मताची वाट पाहावी लागत नाही, तुमचा निकाल तिथेच लागू होतो. फरक सुचवणाऱ्याच्या खात्यावर पडतो. पहिल्यात त्याची सूचना स्वीकारली गेली असे नोंदले जाते आणि त्याला २ गुण मिळतात. दुसऱ्यात त्याची नामंजुरी नोंदली जाते, आणि नामंजुऱ्या साचल्या की सूचना पाठवण्याची त्याची सोय काही काळ बंद होते. म्हणून कसोटी सरळ आहे. सुचवलेल्यातले बरेचसे तुम्ही ठेवणार असाल तर पहिली वाट, सगळे पुसून नव्याने करणार असाल तर दुसरी. चांगल्या सूचनेतला एक राहिलेला स्वल्पविराम घालण्यासाठी दुसरी वाट धरणे हा अन्याय. आणि वाईट सूचनेवर सौजन्य म्हणून पहिली वाट धरणे म्हणजे तशाच आणखी पन्नास सूचनांना आमंत्रण.

नामंजुरीची तयार कारणे मोजकीच आहेत : स्पॅम किंवा विध्वंस, कोणतीही सुधारणा नाही, असंबद्ध टॅग, लेखकाच्या हेतूशी उघड विसंगत, प्रतिक्रिया देण्याचा प्रयत्न, आणि स्वतःच्या शब्दांत सांगायची हानी. यांतले ‘प्रतिक्रिया देण्याचा प्रयत्न’ हे नवख्यांच्या बाबतीत फार लागते. टिप्पणी करायला लागणारे गुण त्यांच्याकडे नसतात, म्हणून ते उत्तराच्या मजकुरातच ‘माझ्याकडे हे चालले नाही’ असे लिहून पाठवतात. त्यांचा हेतू खोटा नसतो, कधीकधी त्यांचे म्हणणेही बरोबर असते. नामंजूर करताना ते म्हणणे टिप्पणीत उतरवून ठेवायला एक मिनिट लागते. आणि स्वतःच्या शब्दांतले कारण लिहिताना ‘चुकीचे’ एवढे लिहून थांबू नये. ‘प्रश्नातला कोड दुरुस्त केल्याने खालचे पहिले उत्तर निरर्थक होते’ असे लिहिले तर सुचवणारा पुढच्या वेळी तीच चूक करणार नाही. त्याला रांगेतून मिळणारे शिक्षण एवढेच आहे.

परीक्षक झोपेत काम करतात हे स्टॅक ओव्हरफ्लोला ठाऊक आहे, म्हणून तिथे अधूनमधून ‘ऑडिट’ येते. ती मुद्दाम बनवलेली सूचना असते, तिचे बरोबर उत्तर यंत्रणेला आधीच माहीत असते. चुकणाऱ्याला ताबडतोब कळते, आणि वारंवार चुकला तर परीक्षणातून काही काळ बाहेर राहावे लागते. पण दुरुस्त्यांच्या रांगेतले हे सापळे फार ढोबळ आहेत. मजकुराच्या मध्येच अर्थहीन, दुसऱ्याच विषयाचे शब्द घुसवलेले असतात, ते डोळे उघडे असणारा कोणीही पकडतो. ६४४ चे ७७७, ‘सुत’चे ‘सूत’ अशा जातीचे सापळे कधी लावलेच जात नाहीत. म्हणजे ऑडिट उत्तीर्ण होणे हा जागे असल्याचा पुरावा आहे, वाचल्याचा नाही. पूर्वी योग्य कारणाने नामंजूर झालेल्या खऱ्या सूचना सापळा म्हणून वापरल्या तर परीक्षकांना कारणे वाचायची सवय लागेल, असे आम्हाला वाटते.

मूळ लेखकाचे एक मत पुरते, याचीही दुसरी बाजू आहे. लेखक भिडेखातर मंजुरी देतो. कोणी आपल्यासाठी कष्ट घेतले, नाही कसे म्हणायचे? किंवा उलट, माझ्या लिखाणाला हात लावला म्हणून रागाने नामंजूर करतो. त्या साइटींवरचे लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असते, इतरांनी त्यात बदल करावा ही सोय लेखकाने पोस्ट करतानाच मान्य केलेली असते. तरीही त्याचा हेतू राखणे ही परीक्षकाची जबाबदारी संपत नाही.

नवख्यांना दुरुस्त्या सुचवा असे सांगणाऱ्यांनी, विशेषतः सगळ्या वर्गाला एकाच संध्याकाळी गुण मिळवायला बसवणाऱ्यांनी, एवढे तरी ध्यानात घ्यावे : रांगेला मर्यादा असते. ती भरली की नव्या सूचना घेणे थांबते, आणि ‘प्रलंबित दुरुस्त्या फार झाल्या, नंतर प्रयत्न करा’ असा संदेश दिसतो. त्या वेळी खरी चूक सापडलेल्या माणसाला दार बंद असते. दिवसाला तीन-चारच पोस्टी घ्या, आपल्याला कळणाऱ्या विषयातल्या घ्या, वरपासून खालपर्यंत वाचून सगळ्या चुका एकदम सुधारा, आणि टिपेत ‘सुधारणा’ असे न लिहिता काय बदलले आणि का ते लिहा. परीक्षक सर्वांत आधी ती टीपच वाचतो.

आणि चुकीची दुरुस्ती मंजूर झालीच तर? जुनी आवृत्ती कुठेही गेलेली नसते. पोस्टखालच्या ‘संपादित’ या शब्दावर टिचकी मारली की सगळ्या आवृत्त्यांची यादी उघडते. २००० गुणांचा सभासद तिथूनच हवी ती आवृत्ती एका बटणाने परत आणू शकतो, त्याला रोलबॅक म्हणतात. तेवढे गुण नसतील तर जुना मजकूर परत घालणारी नवी सूचना पाठवावी आणि टिपेत कोणती आवृत्ती का परत आणत आहोत ते सांगावे. नाहीतर पोस्टखाली टिप्पणी करावी, लेखकाला ती पोहोचते. मधल्या काळात कोणी आणखी चांगल्या सुधारणा केल्या असतील तर मात्र आंधळेपणाने रोलबॅक करू नये, त्याही पुसल्या जातात. बिघडवलेली ओळ तेवढी हाताने पूर्ववत करावी.

आपले,
दुरुस्त्यांच्या रांगेत काम करणारे काही वाचक